धातूची भूक

नगरच्या नागापूर एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या एखाद्या फाउंड्रीत जाण्याचा योग आला, तर भट्टीत डोकावून रसाची कड बघा. मधल्या लखलखीत रसाकडे सगळेच बघतात. कामगार लोखंडी पळ्यानं वरची ड्रॉस, म्हणजे मळी, बाजूला सारतो, खालून चांदीसारखा रस उघडा पडतो आणि नजर तिथेच खिळते. पण खरी गोष्ट घडत असते ती कडेला, जिथे रस भांड्याला टेकतो तिथे. तिथे रस भिंतीवर चढलेला नसतो. कडेशी येता येता तो खाली वळतो, अंग आत घेतो. सातशे-साडेसातशे अंशांवर वितळलेला धातू त्या काळपट भिंतीशी जेमतेम टेकून उभा असतो, तिला बिलगत नाही.

ते भांडं म्हणजे सिलिकॉन कार्बाइड आणि ग्रॅफाइटची क्रुसिबल. कामगार तिला ‘पॉट’ही म्हणतात. नगरच्या सराफांकडे असते ती छोटी मूस, आणि ही तिचीच माणसाच्या कमरेएवढी थोरली बहीण. मी धातुशास्त्र शिकलो आणि पुढे पोटापाण्यासाठी भट्ट्यांभोवतीच वावरलो. इतक्या वर्षांत यंत्रं बदलली, डिझेलचे बर्नर गेले, विजेच्या भट्ट्या आल्या. पण रसाची ती खाली वळलेली कड दिसली की मी आजही थांबतो. सगळी फाउंड्री त्या कडेवर उभी आहे असं मला मनापासून वाटतं. ती कड वर चढू लागली, रस भिंतीत मुरू लागला, तर भांडं राहणार नाही आणि माल शुद्ध निघणार नाही.

अळूच्या पानावर पावसाचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो, आणि तोच थेंब अंगणातल्या फरशीवर पडला की पसरून जातो. द्रवानं घन पृष्ठभागाला भिजवणं किंवा न भिजवणं म्हणतात ते एवढंच. थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरनं १८०५ साली यामागचा हिशोब मांडला. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्यात सगळं दडलेलं असतं. कोन नव्वद अंशांपेक्षा कमी भरला तर द्रव पसरतो आणि बारीक छिद्रांत आपोआप शिरतो. नव्वदच्या वर गेला तर द्रव आक्रसतो आणि ढकलल्याशिवाय छिद्रात जात नाही. वितळलेल्या धातूंचा पृष्ठताण मोठा असतो. ॲल्युमिनियमचा ताण पाण्याच्या जवळजवळ बारापट आहे. धातूला स्वतःला सोडून दुसऱ्याजवळ जायला फार जड जातं. त्यातून माती, वाळू, चुना यांसारखे पदार्थ समोर असले तर तो सहसा जातच नाही.

माणसानं ओतकाम शिकलं ते याच्या जोरावर. आपल्या नगर जिल्ह्यात याचा पुरावा हाताच्या अंतरावर आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचं गाव आहे. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल गावकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना जमिनीत चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहेत आणि ते चालत राहतील. माझं मन अडकतं ते दुसऱ्याच ठिकाणी. रथातल्या त्या सोळा सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या पाठीची वळणं, बैलांच्या माना, हत्तीची सोंड हे सगळं तांब्यानं एका पोकळीतून उचललं. ती पोकळी ज्या मातीची होती, तिला ते तांबं चिकटलं नाही. हजार अंशांच्या पुढचा रस मातीला भिडला, तिचा आकार घेतला आणि थंड झाल्यावर तिला सोडून मोकळा झाला. मातीनं आकार द्यायचा, पण अंगाला लागायचं नाही. प्रवरेच्या गाळाशी खेळणाऱ्या कुणीतरी हे ओळखलं होतं.

पुढे नगरच्या निजामशाहीत हेच काम केवढ्या प्रचंड आकारात झालं, ते विजापूरला जाऊन पाहावं लागतं. तिथल्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ मूळची नगरची. १५४९ साली बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिरानं ती नगरमध्ये ओतली. वजन सुमारे पंचावन्न टन, लांबी चौदा फुटांहून जास्त, आणि तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह कोरलेला. धातू घंटेचा, म्हणजे शंभर भागांत साधारण ऐंशी भाग तांबं आणि वीस भाग कथील. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये मुरार पंडितानं तिथून ती विजापूरला नेली. इंग्रजी अमलात १८५४ साली ती लिलावात काढली, तेव्हा सगळ्यात मोठी बोली दीडशे रुपयांची आली आणि तोफ वाचली. तोफेचा पृष्ठभाग आजही इतका गुळगुळीत आहे की हात फिरवावासा वाटतो. मी फिरवला आहे. तो साचा मातीचाच असणार. पंचावन्न टन रस अंगावर घेऊन त्या मातीनं धातूत आपला कणही मुरू दिला नसेल, तरच असं अंग निघतं. रूमीला कोन मोजता येत नव्हता. पण कोणती माती रसाला धरून ठेवते आणि कोणती रसात शिरते, हे त्याच्या बोटांना माहीत असणार, याबद्दल मला शंका नाही.

धातूनं भिजवायलाच हवं, असंही एक काम आपल्याकडे घरोघर चालायचं. कल्हईवाला गल्लीत आला की जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, तांब्या-पितळेचं भांडं तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा आणि कथलाचा तुकडा फिरवायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि कापसाच्या बोळ्याखाली कथील एका झपाट्यात भांडंभर पसरायचं. हा प्रकार बघताना डोळ्याचं पातं लवत नसे. नवसागरातून सुटणारं आम्ल तांब्यावरचा गंज खातं आणि स्वच्छ तांबं उघडं पडतं. कथील २३२ अंशांवरच वितळतं आणि त्या उघड्या तांब्याला भेटताच त्याच्याशी नुसतं चिकटत नाही, तर त्याला थोडंसं खाऊन दोघांचं मिळून नवंच संयुग बनवतं. कल्हई टिकते ती या पातळ थरामुळे. तेच कथील सिलिकॉन कार्बाइडच्या पाटीवर वितळवलं, तर कितीही नवसागर टाका, ते गोळी होऊनच बसेल. त्या दोघांना एकमेकांकडून काहीच नको असतं.

सिलिकॉन कार्बाइड हा पदार्थ आपल्या डेक्कनच्या दगडात सापडत नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात सिलिकॉन भरपूर आहे, पण तो ऑक्सिजनशी जोडलेला. कार्बनशी जोडायचा तर दोन हजार अंशांच्या आसपासची विजेची भट्टी लागते. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसननं १८९१ साली माती आणि कोक एकत्र तापवून पाहिले, तेव्हा त्याला हे चमकदार, अतिशय कठीण स्फटिक मिळाले. त्यानं त्यांना कार्बोरंडम म्हटलं. पुढे हेन्री म्वासाँला एका उल्केच्या तुकड्यात तेच स्फटिक आढळले. आता तर आपल्याला माहीत झालं आहे की १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत सिलिकॉन कार्बाइडचे असे सूक्ष्म कण आहेत, जे सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांच्या राखेत तयार झाले. नागापूरच्या शेडमध्ये भट्टीत बसलेलं ते काळं भांडं ज्या द्रव्याचं आहे, ते द्रव्य सूर्य जन्मण्याआधी विश्वात होतं. हे कळल्यापासून क्रुसिबल बदलताना जुनी भंगारात फेकलेली दिसली की मला चुटपुट लागते.

ही अशी टणक, वितळायला तयारच नसणारी, आगीला न भिणारी वस्तू धातूसमोर मात्र एकसारखी वागत नाही. इथून पुढे भुकेची गोष्ट सुरू होते.

शुद्ध ॲल्युमिनियम घ्या. त्याला कार्बनची ओढ आहे. सिलिकॉन कार्बाइडला भिडलं की ते त्यातला कार्बन ओढून घेऊ पाहतं, ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं आणि मोकळा झालेला सिलिकॉन रसात विरघळतो. सातशे अंशांना ही ओढ फारशी दिसत नाही, कारण ॲल्युमिनियमच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडची पातळ कातडी असते, आणि भांड्याच्या भिंतीवरही झिलईचा, सिलिकेचा थर असतो. दोघंही अंगरखा घालून भेटतात. पण तापमान चढत गेलं, कातडी फाटली, निर्वात भट्टीत नऊशे-हजारच्या पुढे गेलं, की तोच फुगलेला थेंब हळूहळू बसू लागतो, पसरू लागतो आणि खाली कार्बाइडची बारीक पिवळसर खपली धरतो. हे कार्बाइड फार वाईट. ते पाण्याची वाफ सोसत नाही. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेतसुद्धा त्याची पांढरी भुकटी होते आणि मिथेन वायू सुटतो. ओतलेल्या मालात त्याचे कण अडकले, तर वरून धडधाकट दिसणारा नग आतून झिजत राहतो.

आणि तरीही क्रुसिबल टिकते. का? कारण फाउंड्रीत बहुतेक वेळा शुद्ध ॲल्युमिनियम वितळतच नाही. एलएम-६ ही मिश्रधातू घ्या. तिच्यात दहा ते तेरा टक्के सिलिकॉन आधीच असतो. तो घातलेला असतो रस डायच्या कानाकोपऱ्यात नीट वाहावा म्हणून. पण तोच सिलिकॉन भांड्यालाही वाचवतो. कार्बन ओरबाडायचा, तर भांड्यातला सिलिकॉन रसात सोडावा लागतो. रसात सिलिकॉनची जागाच उरली नसेल, तर व्यवहार तिथेच थांबतो. तापमान जितकं जास्त, तितका जास्त सिलिकॉन लागतो. फाउंड्रीच्या नेहमीच्या तापमानाला साधारण आठ-दहा टक्क्यांवर भूक भागते. पोट भरलेला धातू भांड्याला तोंड लावत नाही. हे मी पहिल्यांदा पुस्तकात वाचलं तेव्हा समीकरण होतं. भट्टीसमोर उभं राहून कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

मोटरच्या रोटरसाठी मात्र शुद्ध ॲल्युमिनियमच लागतं, कारण सिलिकॉन घातला की वीज नीट वाहत नाही. अशा रसावर काम करणाऱ्या एका भट्टीवाल्या मामांना मी विचारलं होतं, ‘मामा, पॉटचं आयुष्य कशावर ठरतं?’ ते म्हणाले, ‘सायेब, प्युअर असलं की भांडं लवकर चिडतं. एलएमला समजून घेतं.’ मी त्यांना सिलिकॉनची ही सगळी कथा सांगितली. त्यांनी हातातला पळा खाली ठेवून ऐकली. मग विचारलं, ‘म्हणजे पॉट खाल्लं जातं ते रस उपाशी असतो म्हणून?’ मला आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात अचूक उत्तर, आणि ते प्रश्नाच्या रूपात आलं.

आता त्याच एमआयडीसीत बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, फाउंड्रीत चला. तिथेही सिलिकॉन कार्बाइड आहे, पण पोत्यांत. भट्टीत भंगार आणि कोरं बीड भरताना कामगार त्यात सिलिकॉन कार्बाइडची खडी टाकतो. ती वितळत नाही. चौदाशे-पंधराशे अंशांच्या लोखंडाच्या रसात ती विरघळते आणि लोखंडाला सिलिकॉन आणि कार्बन दोन्ही देऊन नाहीशी होते. बिडात ग्रॅफाइटची बारीक पानं चांगली उमलावीत म्हणून तिचा उपयोग. म्हणजे एका शेडमध्ये जे भांडं होऊन धातूला सांभाळतं, तेच शेजारच्या शेडमध्ये धातूचं खाणं होतं. लोखंडाला कार्बन हवा असतो आणि सिलिकॉनही, दोन्हींची त्याची भूक मोठी. म्हणून लोखंड सहसा सिलिकॉन कार्बाइडच्या क्रुसिबलमध्ये वितळवत नाहीत. त्याच्या भट्टीचं लायनिंग सिलिकेच्या रॅमिंग मासचं, जुन्या मातीच्याच घराण्यातलं.

टूलरूममधल्या माणसाला हेच वेगळ्या वाटेनं माहीत असतं. कार्बाइडच्या टूलला धार लावायला तो हिरवं चाक चढवतो, ते सिलिकॉन कार्बाइडचं. पोलादाला मात्र तो हे चाक लावत नाही. त्याला ॲल्युमिनाचं पांढरं किंवा तपकिरी चाक. खरं तर हिरवं चाक जास्त कठीण. मग पोलादावर ते लवकर का झिजतं? घासताना ठिणगी उडते त्या बिंदूवर लोखंड इतकं तापतं, की ते चाकाचे कण खाऊ लागतं. बिडावर हे चाक बरं चालतं, कारण बीड आधीच कार्बननं भरलेलं.

तांब्याचा स्वभाव याहून चमत्कारिक आहे. वितळलेलं तांबं सिलिकॉन कार्बाइडमधला सिलिकॉन विरघळवून घेतं आणि कार्बन मागे टाकतं. आणि तांब्याला कार्बन मुळीच आवडत नाही. म्हणजे खाऊन झाल्यावर आपणच मागे ठेवलेल्या कोळशाच्या थरावर ते पुन्हा अंग आक्रसून बसतं. तांब्या-पितळेच्या क्रुसिबलमध्ये ग्रॅफाइट भरपूर असतं, त्याचा एक उपयोग हाही. सोनं आणि चांदी या बाबतीत जास्त अलिप्त. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला निकोलस युस्टाथोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकचकीत पाटीवर धातूचा कण ठेवून, निर्वात नळीत तापवून, थेंबाच्या सावलीचे कोन मोजण्यात कित्येक दशकं घातली. एक थेंब वितळतो, बसतो, पसरतो, कधी परत आक्रसतो. त्या सावल्या पाहताना धातूला स्वभाव असतो यावर विश्वास बसतो.

मग सिलिकॉन कार्बाइडचे दोन तुकडे एकमेकांना जोडायचे असतील तर? इथे न भिजवणारा धातू काय कामाचा? जोडायचं तर झाळ पसरायला हवी. यावर दोन वाटा निघाल्या. एक तृप्त सिलिकॉनची. वितळलेला सिलिकॉन स्वतः या पदार्थाला भिजवतो, कोन सुमारे चाळीस अंशांचा, आणि त्याला खात नाही, कारण तो त्यांच्यातलाच. दुसरी वाट उपाशी टिटॅनियमची. चांदी-तांब्याच्या झाळेत दोन-चार टक्के टिटॅनियम घालायचं. ते कार्बनकडे धाव घेतं, सांध्यावर टिटॅनियम कार्बाइडची पातळ पट्टी तयार करतं आणि मग मागून आलेली चांदी त्या पट्टीवर सुखानं पसरते. भूक आहे, पण मोजून आणलेली. मला ही दुसरी वाट कल्हईची धाकटी पाती वाटते. २००९ साली अंतराळात गेलेल्या हर्शेल दुर्बिणीचा साडेतीन मीटरचा आरसा सिलिकॉन कार्बाइडच्या बारा पाकळ्या झाळून एक केला होता. आकाशातली सगळ्यात थंड धूळ पाहण्यासाठी केलेला तो आरसा अशा सांध्यांवर उभा होता.

नगरहून छत्रपती संभाजीनगरला जाताना, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत क्रुसिबल बनवणारा मोठा कारखाना आहे. नगरपासून शंभरेक किलोमीटर. तिथून निघालेला ट्रक कायगाव-टोक्याला गोदावरी ओलांडून प्रवरासंगमवरून आपल्या जिल्ह्यात येतो. तिथे गोदावरीला मिळणारी प्रवरा दायमाबादच्या टेकाडाखालून वाहत आलेली असते. मी या रस्त्यानं जातो तेव्हा पुलावर काच खाली करतो. प्रवरेच्या काठावर मातीनं तांब्याला आकार दिला, आणि तिच्याच संगमाजवळून आता ताऱ्यांच्या राखेचं भांडं ॲल्युमिनियमच्या भट्टीकडे जातं. मधे सगळं शास्त्र आलं, तरी काम तेच: रसाला धरायचं आणि त्यानं आपल्याला खाऊ नये हे बघायचं.

माझं म्हणणं हे ज्ञान भट्टीवरच्या माणसापर्यंत पोचण्याबद्दल आहे. आयटीआयच्या पोराला क्रुसिबल कशी ठेवायची याचे नियम सांगितले जातात: कोरड्या जागी ठेव, ओल्या फरशीवर नको, आधी हळू तापव, मग झपाट्यानं लाल कर, ड्रॉस साचू देऊ नको, थंड इंगट वरून आदळू नको. नियम सगळे बरोबर आहेत. पण त्यांच्यामागचं कारण क्वचितच सांगितलं जातं. का लाल करायचं, तर झिलई वितळून अंगावर पसरावी म्हणून. का तापमान चढू द्यायचं नाही, तर धातूची भूक वाढते म्हणून. त्या मामांसारखी माणसं कारण कळलं की क्षणात नियमाच्या पुढे जातात, हे मी पाहिलं आहे. कारण न सांगता आपण त्यांच्या बुद्धीचा मोठा भाग वाया घालवतो.

म्हणून नागापुरात, सुप्यात, श्रीरामपुरात जे कुणी फाउंड्री चालवतात आणि जे आयटीआयमध्ये शिकवतात, त्यांना माझी विनंती आहे. नवीन पॉट भट्टीत बसवाल त्या दिवशी एक तास काम थांबवा. पोरांना भोवती उभं करा आणि रसाची ती खाली वळलेली कड दाखवा. ती तशी का आहे आणि ती वर चढू लागली तर काय होईल, हे त्यांना साध्या मराठीत सांगा. जमलं तर वर्षातून एकदा त्यांना दायमाबादच्या वस्तू जिथे ठेवल्या आहेत त्या संग्रहालयात न्या, आणि तो रथातला माणूस कुणा ओताऱ्यानं केला हे सांगायला विसरू नका.